दुचाकी, टू-व्हीलर, बायसिकल : ‘चाक’ या शब्दाच्या मुळाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाक आणि व्हील हा मुळात एकच शब्द आहे असं मी कुठेही बोललो की पुढचे आठ-दहा दिवस तेच तेच प्रश्न येत राहतात. ते सगळे इथे एकत्र केलेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे जरा किचकट आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगायला लागू नये म्हणून मधे मधे ‘अमुक नंबर बघा’ असं लिहिलंय.

१. चाक, सायकल आणि व्हील खरंच एकाच शब्दातून आलेत का? ऐकायला तर अजिबात सारखे वाटत नाहीत.

हो, एकाच शब्दातून. आणि सारखे वाटत नाहीत हे बरंच आहे, कारण इतक्या लांबचं नातं खरं असेल तर शब्द सहसा सारखे वाटतच नाहीत. संस्कृत चक्र, ग्रीक कुक्लोस आणि जुन्या इंग्रजीतला ह्वेओल ही सख्खी भावंडं. चक्रापासून आपलं चाक झालं, कुक्लोसपासून लॅटिन आणि फ्रेंचमधून फिरत फिरत इंग्रजी सायकल आली आणि ह्वेओलचं व्हील झालं.

मला सगळ्यात आवडणारं उदाहरण दुचाकीचं. दु म्हणजे दोन, आणि इंग्रजी टू त्याचाच भाऊ. बायसिकलमधलं बाय हे लॅटिन, तेही त्याच दोनमधून आलंय. म्हणजे दुचाकी, टू-व्हीलर आणि बायसिकल हे तिन्ही शब्द आतल्या दोन्ही तुकड्यांसकट एकमेकांचे नातेवाईक आहेत, फक्त शेपटाचे प्रत्यय वेगळे. गॅरेजवाला एका वाक्यात तिन्ही वापरतो आणि तिन्ही वेळा तो दोन आणि चाक एवढंच म्हणत असतो.

२. ती मूळ भाषा कुठली? संस्कृतच ना?

नाही. तिला आद्य इंडो-युरोपियन म्हणतात, मराठीत काही जण आद्य भारोपीय म्हणतात, मी खाली नुसतं आद्यभाषा म्हणेन. संस्कृत, जुनी इराणी, ग्रीक, लॅटिन, जर्मन-इंग्रजीचं घराणं, रशियन-पोलिशचं घराणं, लिथुआनियन, आर्मेनियन, हे सगळे तिचे फाटे. १७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीशाने एशियाटिक सोसायटीच्या भाषणात सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य योगायोगाचं नाही, त्या एकाच मुळातून निघाल्या असणार आणि ते मूळ कदाचित आज उरलेलंही नसेल. नुसतं साम्य त्याच्या आधीही लोकांच्या लक्षात आलं होतं, पण ‘मूळ उरलेलं नसेल’ हा भाग फार महत्त्वाचा ठरला.

संस्कृत ही आई का नाही, याचं उत्तर ‘चक्र’ शब्दातच आहे, ते नंबर ६ मध्ये.

३. जो शब्द कुठेच लिहिलेला सापडला नाही तो होता असं कशावरून म्हणता? हा अंदाजच झाला की.

अंदाज आहे, पण हवेतला नाही. समजा चार चुलतभावंडं आहेत, आजोबांचा फोटो नाही, पण चौघांचे कान एका विशिष्ट पद्धतीचे आहेत, तर आजोबांच्या कानाबद्दल आपण बरंच ठामपणे बोलू शकतो. भाषेत तर याहून बरं असतं कारण उच्चार बदलतात ते नियमाने बदलतात, एका शब्दात एक आणि दुसऱ्यात दुसरं असं मनमानी होत नाही. संस्कृतात जिथे प येतो तिथे इंग्रजीत फ, म्हणजे पितृ-फादर, पाद-फूट, असं ओळीने दाखवता येतं. हे नियम याकोब ग्रिम या जर्मन अभ्यासकाने १८२२ मध्ये व्यवस्थित मांडले.

मग सगळ्या भावंडांचे शब्द समोर ठेवायचे आणि विचारायचं, असा कुठला एक शब्द आहे ज्यावर प्रत्येक भाषेचे आपापले नियम लावले तर हे सगळे शब्द बाहेर पडतील? तो सापडला की त्याच्या आधी एक तारा काढतात. हा शब्द लिखित नाही, हिशोबाने काढलेला आहे, असा त्या ताऱ्याचा अर्थ. मी खाली तारा देत नाहीये, पण आद्यभाषेतला म्हणून दिलेला प्रत्येक शब्द ताऱ्याचा आहे असं समजा.

४. मग ‘चाक’चा मूळ शब्द नेमका काय होता आणि त्याचा अर्थ काय?

देवनागरीत जेवढं जवळ जाता येईल तेवढं : क्वेक्व्लोस. यातला क्व म्हणजे क आणि व असे दोन वर्ण नाहीत, ओठांचा चंबू करून म्हटलेला एकच क.

तो बनला क्वेल या धातूपासून, अर्थ फिरणे, वळणे. त्याच्या आधी पहिला वर्ण परत लावलाय, क्वे-क्व्ल. याला द्वित्व किंवा अभ्यास म्हणतात, संस्कृत शिकलेल्यांना ‘गम्’चं जगाम आणि ‘कृ’चं चकार आठवेल. म्हणजे शब्दाचा शब्दशः अर्थ ‘फिर-फिर’, पुन्हा पुन्हा फिरणारं. आपणही तसंच करतो ना, गरगर, भिरभिर, गोल गोल. हिब्रूमध्ये चाकाला गलगल म्हणतात, तोही लोळणे-गडगडणे या अर्थाच्या मुळाचं द्वित्व करून बनलाय. हिब्रू पूर्ण वेगळ्या कुळातली, तिचा याच्याशी संबंध नाही, पण फिरणारी वस्तू बघून माणसाच्या तोंडून शब्दही फिरतो हे मला फार सुंदर वाटतं.

५. मुळात दोन्ही ‘क्व’ होते तर ‘चक्र’मध्ये एक च आणि एक क कसा?

हा प्रश्न ज्याने पहिल्यांदा विचारला त्याला माझा नमस्कार, कारण सगळी गंमत इथेच आहे.

आधी हे करून बघा. ‘कु’ म्हणा आणि मग ‘कि’ म्हणा, सावकाश. कि म्हणताना जीभ टाळूच्या पुढे सरकते. पुढे ए किंवा इ असेल तर क पुढे सरकायला लागतो आणि सरकत सरकत त्याचा च होतो, हे जगभरच्या भाषांत झालंय. संस्कृत आणि इराणीच्या पूर्वजात आधी ओठांचा चंबू गेला, क्वचा साधा क झाला. मग ज्या क-च्या पुढे ए किंवा इ होता त्याचा च झाला, बाकीचे क तसेच राहिले. आणि त्यानंतर, हे महत्त्वाचं, त्यानंतर त्या भाषेतले ऱ्हस्व ए आणि ओ दोन्ही जाऊन सगळीकडे अ आला.

आता क्वेक्व्लो घ्या. पहिल्या क्वच्या पुढे ए आहे, म्हणून च. दुसऱ्याच्या पुढे ए नाही, ल आहे, म्हणून क तसाच. मग ए गेला, अ आला, लचा र झाला : चक्र. ज्याच्यामुळे च झाला तो ए निघून गेला, च मात्र मागे राहिला. जसं पाणी ओसरतं पण भिंतीवर त्याची रेघ राहते. एकाच शब्दात नियम लागलेला आणि न लागलेला असे दोन्ही क शेजारी शेजारी बघायला मिळतात. ‘कृ’चं चकार हे रूप याच नियमाने आलं. (‘चकार शब्द काढला नाही’ मधला चकार मात्र च हे अक्षर, तो वेगळा.)

अजून ताडून बघायचं असेल तर संस्कृत ‘च’ म्हणजे आणि, तो लॅटिनमध्ये क्वे. पंच तिकडे क्विन्क्वे. चत्वारः तिकडे क्वात्तुओर. जिथे आपला च, तिथे त्यांचा क्व, परत परत तेच.

६. पण संस्कृतातल्या ‘चक्र’पासूनच ग्रीक आणि इंग्रजी शब्द बनले असं का नाही म्हणता येत?

नंबर ५ आधी वाचा. क्वपासून च होतो याचं कारण तोंडातच दिसतं. उलट करून बघा. चक्रातला च घेऊन ग्रीकने त्याचा क केला आणि इंग्रजीने ह्व केला असं म्हणायचं झालं, तर प्रश्न येतो की कुठल्या च-चा असा करायचा ते त्यांना कसं कळलं? आणि चक्रात नुसता अ आहे, बाकीच्या भाषांत ए आणि ओ वेगवेगळे दिसतात, ते नियमाने परत कुठून आणले? अ-मधून ए आणि ओ बरोबर जिथल्या तिथे वेगळे काढता येत नाहीत, जसं दूध आणि पाणी एकदा मिसळलं की परत वेगळं होत नाही. म्हणजे मूळ शब्दात ए होता, आणि संस्कृतात तो राहिलेला नाही. एवढ्यावरून ठरतं की संस्कृत ही मोठी बहीण, आई नव्हे. १८७० च्या दशकात चार-पाच अभ्यासकांना हे साधारण एकाच वेळी लक्षात आलं, तोवर संस्कृतचे स्वर सगळ्यात जुने असंच युरोपातही मानत होते.

यात संस्कृतचं महत्त्व कमी होत नाही. धातू, द्वित्व, विभक्ती यांचं तिने जे जपलंय त्याच्याशिवाय हा हिशोब मांडताच आला नसता.

७. ‘व्हील’मध्ये क कुठे गेला?

इंग्रजी-जर्मनच्या पूर्वजात शब्दारंभीच्या क्वचा ह्व झाला. कः म्हणजे कोण, इंग्रजीत हू. इंग्रजीत हू, व्हॉट, व्हेन, व्हेअर लिहिताना डब्ल्यू आणि एच का येतात असा शाळेत प्रश्न पडतो, त्याचं कारण हे, आणि आपले कोण, कधी, कुठे क-ने सुरू होतात त्याचंही कारण हेच. व्हीलच्या स्पेलिंगमध्येही तेच डब्ल्यू-एच.

मधला क्व मात्र गुळगुळीत होत होत गेला. जुन्या इंग्रजीत या शब्दाची दोन-तीन रूपं सापडतात, ह्वेओल आणि ह्वेओगोल वगैरे. एकात ग आहे, एकात नाही. कार्ल वर्नर या भाषाशास्त्रज्ञाने दाखवलं की असा फरक मूळ शब्दातला आघात कुठे होता यावरून पडतो. म्हणजे काही लोक शब्दाच्या पहिल्या भागावर जोर देत असत आणि काही शेवटच्या, आणि पाच हजार वर्षांपूर्वीचा तो जोर एका ग-मध्ये अडकून राहिला.

८. ग्रीकमध्ये उ कसा आला? नियमाने तर तिथे ‘ते’ यायला हवं ना?

बरोबर पकडलंत. ग्रीकमध्ये क्व + ए चा ते होतो, पंच तिकडे पेन्ते आहे. त्या हिशोबाने तेक्लोस यायला हवं होतं. सध्या बहुतेकांना पटलेलं उत्तर असं की दोन चंबूवाल्या क-च्या मधे सापडून ए-चाच उ झाला, आणि एकदा उ आला की शेजारच्या क्वचा चंबू जातो हा ग्रीकचा दुसरा नियम आहे, त्यामुळे कुक्लोस.

९. चक्रचं चाक कसं झालं? आणि चक्र, चाक, चक्कर, चकती हे सगळे वेगळे शब्द आहेत का?

चक्र, मग प्राकृतात चक्क, मग मराठीत चाक. जोडाक्षर सुटं झालं आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबला. सप्त-सत्त-सात, हस्त-हत्थ-हात, अष्ट-अट्ठ-आठ, सगळीकडे हाच प्रकार. पंजाबीत अजून सत्त आणि हत्थ आहेत, ते मधल्या पायरीवर थांबले.

एक गोष्ट लिहून दिसत नाही पण तोंडाने कळते. ‘चक्र’ म्हणताना आपला च चहातला असतो आणि ‘चाक’ म्हणताना चमच्यातला. चक्र हा पोथीतून जसाच्या तसा घेतलेला, म्हणून त्याचा च संस्कृतसारखा तालव्य, आणि चाक पिढ्यान् पिढ्या तोंडातून झिजत आलेला म्हणून त्याचा च दातांकडे सरकलेला. एकच शब्द आपल्याकडे दोन रस्त्यांनी आला आणि दोन्ही रस्त्यांचा शिक्का उच्चारावर आहे. चक्कर, चक्की, चकती, चक्री हे त्याच गोतातले, काही हिंदीकडून आलेले.

१०. चरखा पण यातलाच का?

हो, पण तो इराणमार्गे आला. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या जुन्या धर्मग्रंथात, चाकाला चख्र म्हणतात, आपल्या चक्राची जुळी बहीणच. पुढे फारसीत ख आणि र यांनी जागा बदलल्या आणि चर्ख झालं. तिथून चरखा, चरखी. म्हणजे सूतकताईचा चरखा आणि कुंभाराचं चाक एकच शब्द, एक इराण फिरून आलेला आणि एक घरीच राहिलेला.

झेंड्याची गोष्टही इथेच सांगतो. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेने राष्ट्रध्वज ठरवला तेव्हा आधीच्या झेंड्यावरच्या चरख्याच्या जागी अशोकचक्र आलं. शब्दांच्या हिशोबाने बघितलं तर चख्रच्या जागी चक्र आलं.

११. मग सर्कल? ते तर ‘चक्र’च्या सगळ्यात जवळचं वाटतं.

जवळचं वाटतं आणि नातं नाही. सर्कल आणि सर्कस लॅटिनमधून आले, तिथला मूळ शब्द किर्कुस, कडं किंवा वर्तुळ, त्याचा धातू वेगळा. लॅटिनमध्ये तेव्हा तो क-नेच बोलत होते, स नंतर आला. नुसत्या आवाजावरून नाती जुळवली की असं फसायला होतं, म्हणून नंबर ३ मधला नियमांचा भाग परत वाचा. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आलाय.

१२. चाकर, चाकरमानी, चाकू?

नाहीत. चाकर फारसीतून आला, अर्थ नोकर, आणि त्यावरून चाकरी आणि आपला कोकणातला चाकरमानी. चाकूही फारसी-तुर्कीकडचा. ‘मुंबईच्या गिरणीच्या चाकाशी बांधलेला तो चाकरमानी’ अशी एक व्युत्पत्ती फिरत असते, ऐकायला छान आहे पण चूक आहे. चाकोरी मात्र चाकाचीच, गाडीची चाकं रोज त्याच जागेवरून जाऊन जी खाच पडते ती. चाकोरीतलं आयुष्य म्हणतो तेव्हा ती चिखलातली खाच डोळ्यासमोर आणा, शब्द लगेच जिवंत होतो.

१३. मूळ धातू ‘फिरणे’ होता तर त्यापासून फक्त चाकच बनलं का?

नाही, याचं खटलं फार मोठं आहे. संस्कृत चर् म्हणजे हिंडणे हा तोच क्वेल. त्यावरून आपलं चरणे, आचार, विचार, संचार, परिचारिका. गाय बांधावर चरते म्हणजे मुळात हिंडते, गवत खाणं नंतर चिकटलं.

लॅटिनमध्ये याच धातूचं कोलो झालं, अर्थ जमिनीवर वावरणे, म्हणून कसणे, म्हणून वस्ती करणे. त्यावरून कल्चर, ॲग्रिकल्चर, कॉलनी. ग्रीकमध्ये पोलोस म्हणजे ज्याच्याभोवती आकाश फिरतं तो अक्ष, त्यावरून उत्तर-दक्षिण पोल. मान वळते म्हणून लॅटिनमध्ये मानेला कोल्लुम, आणि त्यावरून शर्टाची कॉलर, हे बरेच अभ्यासक मान्य करतात. लिथुआनियनमध्ये तर मानेला काक्लास म्हणतात, तिथे द्वित्व पण दिसतं. स्लाव भाषांत कोलो म्हणजे चाक, आणि सर्बियात हातात हात धरून गोल फिरत नाचतात त्या नाचाचं नावही कोलो.

१४. जर्मनमध्ये चाकाला ‘राड’ म्हणतात, ते कुठून आलं?

तो दुसरा शब्द. आद्यभाषेत चाकाला एकच शब्द नव्हता. धावणे या अर्थाच्या धातूवरून आणखी एक शब्द होता, त्यापासून लॅटिन रोता, जर्मन राड, लिथुआनियन रातास, आणि संस्कृतात रथ, म्हणजे ‘चाकांचं’ वाहन. जर्मन माणूस सायकलला नुसतं राड म्हणतो, म्हणजे आपल्या रथाच्या सख्ख्या भावाचं नाव घेतो. आइसलँडमध्ये मात्र ह्योल, तो व्हीलचा भाऊ, म्हणजे चाकाचा.

पार पूर्वेला, आजच्या चीनमधल्या शिंच्यांगच्या वाळवंटात तोखारी या आपल्याच कुळातल्या, आता नामशेष झालेल्या भाषेतली बौद्ध हस्तलिखितं सापडली, त्यांत कोकले असा शब्द आहे, अर्थ गाडी. तिथे चाकाचं नाव अख्ख्या गाडीला लागलं, आणि आपल्याकडे रथाच्या बाबतीत नेमकं तेच झालं.

१५. बैलगाडीचे बाकीचे शब्दही इतके जुने आहेत का?

हे मला कुणी विचारलं की मी खुश होतो. लहानपणी आजोळी वाड्यासमोर एक गाडी उभी असायची. तिच्याशेजारी उभं राहून एकेका भागावर हात ठेवत जाऊ.

चाक झालं. चाक ज्याच्यावर फिरतं तो आस, काही भागांत आख म्हणतात, संस्कृत अक्ष, लॅटिन अक्सिस, इंग्रजी ॲक्सल. चाकाच्या मधल्या लाकडाला आपण तुंबा म्हणतो, पण संस्कृतात नाभि, म्हणजे बेंबी, आणि इंग्रजीतही त्याला नेव्ह म्हणतात, बेंबी म्हणजे नेव्हल, तिकडेही तीच जोडी. तुंब्यातून निघतात ते आरे, ऋग्वेदात ‘द्वादशारं’ चक्र आहे, बारा आऱ्यांचं, वर्षाचं चाक, जे फिरूनही झिजत नाही. बैलांच्या खांद्यावरचं जू म्हणजे संस्कृत युग, लॅटिन युगुम, इंग्रजी योक. नांगराची हळस म्हणजे हल अधिक ईषा, ईषा म्हणजे ओढायचा लांब दांडा. आणि वाहणे, वाहन यांचाच धातू लॅटिनमध्येही आहे, तिथून व्हेइकल आलं, आणि डचमधून इंग्रजीत वॅगन.

फक्त चाकाभोवतीची लोखंडी पट्टी, धाव, ती या यादीत नाही. धाव बसवताना मी पाहिलंय, गोवऱ्यांच्या आगीत लाल करायची, चिमट्यांनी चौघांनी उचलून चाकावर उतरवायची आणि लगेच पाणी ओतायचं, वाफेचा लोट उठतो आणि पट्टी आवळून आऱ्यांचे सांधे कुरकुरत घट्ट होतात. आद्यभाषेच्या काळातलं चाक म्हणजे लाकडाची भरीव तबकडी होती, आरे आणि लोखंड नंतरचे.

१६. शब्दावरून काळ कसा काढतात? पाच-सहा हजार वर्षं हा आकडा कुठून आला?

वस्तू नसेल तर तिला नाव नसतं, यावरून. पोलंडमध्ये ब्रोनोचित्से इथे एका भांड्यावर चारचाकी गाडीसारखं चित्र सापडलं, ते साधारण इ.स.पू. ३५०० चं. स्लोव्हेनियात ल्युब्लियानाजवळच्या दलदलीत २००२ साली लाकडी चाक आसासकट मिळालं, ते सुमारे ५१५० वर्षांपूर्वीचं, चाक ॲश नावाच्या झाडाचं आणि आस ओकचा. भोक चौकोनी, म्हणजे चाक आणि आस एकत्रच फिरायचे. साधारण त्याच काळात मेसोपोटेमियातही गाड्या दिसतात. आता चाक, आस, ओढायचा दांडा, वाहणे हे सगळे शब्द इतक्या फाट्यांत नियमाने उतरलेत म्हटल्यावर, हे फाटे वेगळे होताना लोकांकडे गाड्या होत्या असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. आणि म्हणून ते लोक काळ्या समुद्राच्या आणि कास्पियनच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशात होते हे मत आज सगळ्यात वजनदार आहे.

सगळ्यांना पटतं असं नाही. पुरातत्त्वज्ञ कॉलिन रेनफ्रू यांनी १९८७ मध्ये मांडलं की ही भाषा त्याहून जुनी, तुर्कस्तानातल्या पहिल्या शेतकऱ्यांची. त्या बाजूचे म्हणतात की मूळ शब्दाचा अर्थ नुसता ‘वर्तुळ’ असेल आणि चाक आल्यावर जो तो आपापला जुना शब्द वापरायला लागला. २०२३ मध्येही एका मोठ्या अभ्यासात मुळाचा काळ आठ हजार वर्षांच्या आसपास काढला होता. मला स्वतःला हे पटत नाही, कारण एखादा शब्द योगायोगाने जुळेल, पण नंबर १५ मधली अख्खी गाडी जुळते.

१७. हित्ती भाषेत हा शब्द नाही म्हणतात. मग सगळं कोसळलं का?

कोसळत नाही, उलट जास्त बारीक होतं. हित्ती म्हणजे प्राचीन तुर्कस्तानातली भाषा, या कुळातली सगळ्यात आधी लिहिली गेलेली. तिथे चाकाला हुर्की म्हणतात, तो वेगळ्या मुळाचा आहे. पण जू तिथे आहे, युकान, आणि ईषाही आहे, हिस्सा. यावरून बरेच जण असं समजतात की हित्तीची शाखा सगळ्यात आधी फुटली, तेव्हा बैल जुंपणं होतं, दांडा होता, नांगर किंवा घसरगाडी असेल, पण चाकाचा हा शब्द अजून जन्मायचा होता. म्हणजे आपल्या भाषेत जू आणि हळस हे चाकापेक्षाही जुने ठरतात.

हित्ती राजधानीत किक्कुली नावाच्या घोडे शिकवणाऱ्याचा मातीच्या विटांवरचा मजकूरही सापडलाय, इ.स.पू. चौदाव्या शतकाच्या आसपासचा. घोड्याला किती फेऱ्या मारायच्या हे सांगताना तो ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न असे शब्द वापरतो, एक, तीन, पाच वळसे. हे शब्द हित्ती नाहीत, आपल्या संस्कृतच्या घराण्यातले आहेत, आणि भारतापासून एवढ्या लांब लिहिलेले.

१८. ‘ते’ चाक पण ‘तो’ कुक्लोस. लिंग का बदललं?

बारीक प्रश्न आहे. संस्कृत चक्र नपुंसक, जुन्या इंग्रजीतला ह्वेओल नपुंसक, ग्रीक कुक्लोस पुल्लिंगी. पण होमरच्या इलियडमध्ये रथाची चाकं म्हणताना अनेकवचन कुक्ला येतं, जे नपुंसकी आहे. पाचव्या सर्गात देवीच्या रथाला आठ आऱ्यांची कांस्याची कुक्ला लोखंडी आसावर बसवतात, आणि तिथे आसाला शब्द आहे तोही आपलाच, अक्सोन. याचा अर्थ असा लावतात की एक चाक पुल्लिंगी आणि चाकांचा संच असं एक समूहवाचक रूप, अशी जोडी मुळात होती. गाडीला चाक एकटं नसतंच, म्हणून संचाचं रूप जास्त वापरात आलं आणि काही भाषांनी त्यावरूनच नवं नपुंसकी एकवचन पाडलं. हिंदीत नपुंसकलिंग गेलं, मराठी, कोकणी आणि गुजरातीत राहिलं, त्यामुळे ‘ते चाक’मधलं ते फार जुनं आहे.

१९. तमिळमध्ये सक्करम् आहे, थायमध्येही चक्र आहे. म्हणजे त्या भाषाही याच कुळातल्या?

नाही, त्यांनी संस्कृतकडून शब्द घेतला. वारसा वेगळा आणि उसनवारी वेगळी. थायमधलं उदाहरण बघा : सायकलला ते चक्रयान म्हणतात, उच्चार थोडा त्यांच्या पद्धतीचा. आपण चक्रवाले, आपण सायकल म्हणतो, आणि चक्र उसनं घेणारे चक्रयान म्हणतात. १७८२ पासूनचं तिथलं राजघराणंही चक्रीच.

२०. चक्रीवादळ हे सायक्लोनचं भाषांतर आहे का?

सायक्लोन हा शब्द कलकत्त्यात घडला. हेन्री पिडिंग्टन तिथे राहून बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा अभ्यास करत होता, १८४० च्या दशकात त्याने ग्रीक कुक्लोसवरून, सापाच्या वेटोळ्यासारखं फिरणारं वादळ म्हणून, हे नाव पाडलं. आपण त्याला चक्रीवादळ म्हणालो तेव्हा अर्थ बघून म्हणालो, पण कुक्लोसच्या जागी नेमका त्याचा भाऊच येऊन बसला.

२१. चाकाचा शोध आपल्याकडे लागला का? दायमाबादला कांस्याची गाडी सापडली होती ना?

दायमाबाद अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी. १९७४ मध्ये तिथे बैल जुंपलेली, भरीव चाकांची कांस्याची गाडी मिळाली, आत माणूस उभा आहे. फार देखणी वस्तू आहे. सिंधू संस्कृतीतही मातीच्या खेळण्यातल्या गाड्या भरपूर. पण कांस्य किंवा माती बघून ती बनवणारा चाकाला काय म्हणत होता ते कळत नाही. आणि भाषेचं नातं म्हणजे रक्ताचं नातं असंही धरून चालू नका, शब्द एका समाजातून दुसऱ्यात जातात, लोक भाषा बदलतात.

२२. आमच्या गावाकडे गाडीच्या भागांना वेगळे शब्द आहेत, ते पाठवले तर चालतील का?

चालतील काय, धावतील. पण पाठवताना चार गोष्टी लिहा : गाव आणि तालुका, शब्द कोणत्या वयाच्या माणसाकडून ऐकला, त्याचं लिंग (तो, ती की ते), आणि च, ज, झ असेल तर तो चहातला च की चमच्यातला च. फोटोवर बाण काढून पाठवलात तर उत्तम, कारण पुठ्ठा, पाटा, खीळ हे शब्द गावागणिक वेगवेगळ्या भागाला लावलेले दिसतात. शक्य असेल तर सुताराच्या किंवा आजोबांच्या तोंडून तो शब्द वाक्यात बोलवून घ्या आणि रेकॉर्ड करा, ‘याला काय म्हणतात’ असं न विचारता ‘हे मोडलं तर काय सांगाल’ असं विचारा, मग खरा उच्चार येतो.